हळदीची सलाईन

त्या वर्षी आमची अख्खी गल्ली काटकोनात चालत होती. मला वाढवून सांगायची सवय आहे, घरचे माझं निम्मंच खरं धरतात. पण हे वाक्य पुरतं खरं धरायला हरकत नाही. सकाळी दूध आणायला निघालेली माणसं कमरेत वाकून, एक हात गुडघ्यावर आणि दुसरा भिंतीवर ठेवून अशी सरकायची, की परगावच्या माणसाला वाटावं, गल्लीत काहीतरी बारीक पण मोलाची वस्तू हरवलीय आणि सगळे मिळून शोधताहेत. एका पावण्यानं तर खरोखर थांबून विचारलं, "काय हरवलंय हो?"

आमच्या तालमीच्या वस्तादांनी मान वर न करता उत्तर दिलं, "कंबर."

२००६ चा पावसाळा होता आणि चिकनगुन्या आला होता. नाव ऐकल्याबरोबर कोल्हापुरानं पहिला संशय कोंबडीवर घेतला. आमचा मटणवाला तर सुऱ्याला धार लावता लावता न्यायाधीशासारखा निकाल द्यायचा, "मटान सोडून कोंबडी खाणाऱ्याचं हे आसंच व्हनार." त्याच्या दुकानापुढची रांग वाढली. पुढं आठवड्याभरात तो स्वतःच आडवा झाला, तेव्हा कुठं कोंबडी निर्दोष सुटली आणि डासाचं नाव पुढं आलं. पण डास चावला म्हणून पैलवान पडतो, हे मान्य करायला तालीम तयार नव्हती. शंभर किलोच्या गड्याला चितपट करणारा, तोही दिसत नाही असा? वस्ताद म्हणाले, "हे नियमात बसत न्हाय."

ताप सगळ्यांना सारखाच आला, पण आजारपण सारखं आलं नाही. ताराबाई पार्कातल्या बंगल्यांत त्याला 'व्हायरल' म्हणत. तिथली माणसं थंड खोलीच्या खासगी दवाखान्यात पडदा ओढून झोपायची आणि भेटायला येणारे कुजबुजत बोलायचे. आमच्याकडं कोपऱ्यावर एक डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात दोन बाकडी, आणि त्या दिवसांत सलाईनची बाटली जिथं अडकेल तिथं रोगी बसलेला. खिडकीच्या गजाला एक, कॅलेंडरच्या खिळ्याला एक, बाहेर उभ्या मोटारसायकलच्या आरशाला एक. रिक्षावाले तर आपापल्या रिक्षात मागच्या सीटवर बसून हुडाला बाटली बांधून घ्यायचे. मीटर तेवढं टाकायचे नाहीत.

आणि ज्यांना तेही जमत नसे त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना होता. तिथं गोळ्या फुकट होत्या, माणसं चांगली होती, फक्त रांग फार मोठी होती. म्हणजे ज्याची तब्येत रांगेत उभं राहण्याइतकी ठणठणीत, त्यालाच तिथं औषध मिळायचं.

यातून गल्लीनं आपलं एक शास्त्र बनवलं होतं. गोळी घेणारा माणूस आजारी नव्हेच, तो नाटकं करतोय. सुई घेतली तर थोडी कणकण असेल. पांढरी सलाईन लागली की माणूस आजारी. आणि पिवळी लागली की बास, घरापुढं चपलांचा ढीग. त्या पिवळ्या बाटलीत म्हणे ताकदीचं औषध मिसळलेलं असायचं. पिवळी बाटली लागलेल्या माणसाला बघायला सगळी गल्ली शहाळी, बिस्किटाचे पुडे आणि सल्ले घेऊन जायची. नुसत्या गोळीवर झोपलेल्या माणसाकडं कुणी फिरकायचं नाही, उलट कुणीतरी दारातून ओरडायचं, "उठा की वो, किती झोपताय?"

आमच्या समोरच्या घरात हे शास्त्र फार कडक पाळलं जायचं. तिथल्या सासूला सगळी गल्ली मामी म्हणायची, त्यांची सूनसुद्धा. मामींची घरगुती खाणावळ होती. बाहेरच्या खोलीत कॉलेजची आणि कारखान्यातली एकटी पोरं पंगतीनं बसायची आणि मामी दारात स्टुलावर बसून कुणी किती भाकरी खाल्ल्या त्यावर शेरे मारायच्या. भाकरी थापायची सून. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. तिचं माहेर चांदीकामाच्या हुपरीचं, लहानपणापासून पैंजणाच्या कड्या जोडून वाढलेली. त्यामुळं तिची बोटं अशी हलकी चालायची की तिची भाकरी परातीत आपोआप गोल फिरतेय असं वाटायचं. नवरा रिक्षा चालवायचा आणि आईसमोर तोंड उघडायचा नाही.

चिकनगुन्या त्या घरात ओळीनं आला. आधी मामी पडल्या. दोन पिवळ्या बाटल्या झाल्या, शहाळ्यांचा ढीग लागला. मग नवरा पडला. त्याला रिक्षात बसून पांढरी मिळाली. मग वहिनी पडली. तोवर घरातली बाटलीची ऐपत संपली होती. रांगेत उभं राहायला तिला वेळ नव्हता, म्हणून कुणाकडून तरी आणलेल्या गोळ्या गिळून ती भाकरी थापत राहिली. ताप चार दिवसांत गेला आणि मामींनी जाहीर केलं, "झाली बरी."

पण चिकनगुन्याची गंमत अशी की ताप जातो आणि सांधे तेवढे मागं ठेवून जातो. वहिनीची बोटं सुजून केळीच्या घडासारखी झाली होती. मूठ वळायची नाही. ती तळव्याच्या गादीनं भाकरी थापायची, आणि थापताना तिचं तोंड बघवत नसे. तिला बाटली नको होती, शहाळं नको होतं. तिला आडवं व्हायचं होतं, इतकंच. पण बाटलीशिवाय आडवं होणं म्हणजे आळस, आणि सुनेचा आळस म्हणजे त्या घरात फौजदारी गुन्हा.

इकडं गणपती तोंडावर आले होते. आमच्या मंडळाचा दरवर्षी सजीव देखावा असायचा. नवख्या माणसासाठी सांगतो: सजीव देखावा म्हणजे गल्लीतली माणसं वेष करून मांडवातल्या स्टेजवर उभी राहतात, संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात, आणि आपण फक्त हातवारे आणि तोंडाची उघडझाप करायची. लेखन, दिग्दर्शन आणि सगळ्या पुरुषांचे आवाज माझे. बायकांचेही दोन आवाज मी काढायचो, पण ते कुणी ओळखलं तर मी कबूल करायचो नाही.

त्या वर्षी बेत होता गड सर करण्याचा. बांबू आणि पोत्यांचा कडा तयार होता, दोर तयार होता. मावळे तेवढे तयार नव्हते. तालमीत तालीम सुरू झाली तेव्हा पहिला मावळा दोराला लटकला आणि "आई गं" म्हणून खाली बसला. दुसऱ्याला तलवार म्यानातून निघेना. तिसरा म्हणाला, "मला घरचा जिना चढवंना झालाय, गड कुठला चढू?" किल्लेदार वाकून वाकून चालत आला, त्यामुळं तो लढण्याआधीच शरण आल्यासारखा दिसत होता.

बैठक भरली. वस्ताद म्हणाले, "गड्यांनो, सरळ हुभा ऱ्हानारा एकबी माणूस मंडळात न्हाय. आता काय करायचं?"

आणि इथं मला ती कल्पना सुचली. मी उभा राहिलो. म्हणजे अर्धा उभा राहिलो. "वस्ताद, सगळी वाकल्यात तर वाकलेल्यांचाच देखावा करूया की! दवाखाना! 'चिकनगुन्या : एक सामाजिक समस्या'!"

दोन-तीन जण कुरकुरले. वस्तादांनी विचारलं, "विरोध आसंल त्यांनी हात वर करा." हात वर करायला खांदे चालायला पाहिजेत. ठराव एकमतानं मंजूर झाला.

दवाखाना आम्ही असा उभारला की आजही मला त्याचा अभिमान वाटतो. मंगल कार्यालयातून लोखंडी कॉट आल्या. चादरी पांढऱ्याशुभ्र. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून रिकाम्या बाटल्या आणल्या, धुतल्या, सुया काढून टाकल्या. पाणी भरलं, आणि देखाव्यात गंभीरपणा यावा म्हणून प्रत्येक बाटलीत चिमूटभर हळद टाकली. नळी मनगटाला चिकटपट्टीनं नुसती चिकटवायची. दर कॉटमागं एक मोठा पंखा. स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात, साठलेल्या पाण्यात डास होतो हे दाखवायला, पाण्यानं भरलेलं उघडं बॅरल. आणि बॅरलवर साक्षात डास: काळ्या पायजम्यात, मोडक्या छत्रीचे पंख लावलेले आमचे वस्ताद. ते सरळ होऊच शकत नव्हते, त्यामुळं डास असा हुबेहूब वठला की लहान मुलं किंचाळायची. मी डॉक्टर. पांढरा कोट, गळ्यात दुधवाल्याच्या पोराच्या खेळण्यातला स्टेथोस्कोप, आणि सीडीवर माझाच आवाज: "हा... डास! दिसायला सूक्ष्म, पण कर्मानं राक्षस!"

सगळं जमलं, एका गोष्टीचं अडलं. बाई रोगी मिळेना. चारचौघांत स्टेजवर झोपायला कुणाच्याच घरची बाई तयार होईना. मी दारात बसून हेच बोलत होतो, तेव्हा समोरून वहिनी आली. पदरात सुजलेले हात गुंडाळलेले.

"भावजी, बाई पेशंट पायजे म्हणं तुमास्नी?"

"पायजे की."

"काम काय आसतंय?"

"झोपायचं."

"बोलायचं?"

"न्हाय. सीडी बोलतीया."

"कवापास्नं कवापतोर?"

"दिवेलागणीपास्नं दहा वाजेस्तोवर. रोज."

तिनं जरा विचार केला. "मधी उठायचं न्हाय?"

"देखावा संपंस्तोवर हलायचं बी न्हाय."

"मग मी येतो," वहिनी म्हणाली. इतक्या आनंदानं भूमिका स्वीकारणारा नट मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

मामींना तिनं सांगितलं की ही गणपतीची सेवा आहे. मामी रागानं लाल झाल्या, पण गणपतीला नाही म्हणायची छाती त्यांनाही नव्हती. "आन् भाकरी?" त्यांनी विचारलं. वहिनी नुसती देवाच्या दिशेनं हात जोडून उभी राहिली. जोडले म्हणजे जवळ आणले. बोटं जुळत नव्हती. सेवा चालू असेपर्यंत रात्रीच्या भाकरी मामींच्या गळ्यात पडल्या.

पहिल्या दिवशी देखावा उत्तम झाला. वहिनी दुसऱ्या मिनिटाला झोपली आणि अभिनयाचं फार कौतुक झालं. "काय पडलीया बघ," बायका म्हणायच्या, "अगदी खऱ्यावानी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पडदा उघडला तर माझ्या तीन नंबरच्या कॉटवर एक अनोळखी म्हातारा. सूतगिरणीतून निवृत्त झालेला, पलीकडच्या गल्लीतला. माझा पुरुष रोगी बाजूला तिष्ठत उभा.

"आबा," मी कुजबुजलो, "हा देखावा हाय. बाटली खोटी हाय."

"आसू दे की," आबा डोळे मिटून म्हणाले. "पंखा खरा हाय न्हवं?"

आबांच्या मनगटाला चिकटपट्टी लावली. तेवढ्यात आबांची म्हातारी प्रेक्षकांत पुढं आली, तिनं पिवळी बाटली पाहिली, आणि हंबरडाच फोडला, "आगं बया, पिवळी लावलीया ह्यास्नी!" बघता बघता आबांचे सोयरे शहाळी घेऊन आले. आठ दिवस घरात गोळीवर पडलेला माणूस. त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता त्यांचा मेहुणा हातकणंगल्याहून आला.

मग काय, तिसऱ्या दिवशी रांगच लागली. लोकांना फसवलं असं कुणी म्हणू नये. प्रत्येकाला आम्ही हळदीचं सांगायचो. लोक म्हणायचे, व्हय व्हय, कळलं, पण जरा टेकू द्या. सरकारी दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन यायचे आणि आमच्याकडं झोपायचे. तुकड्यातुकड्यांनी हिंडून का होईना, त्यांचा उपचार पुरा व्हायचा. मांडवात नारळ एवढे यायला लागले की कुठला गणपतीला आणि कुठला रोग्याला हे पुजाऱ्याला कळेना. माझ्या नाटकाची मात्र माती झाली. सीडीवर मी गहिवरून ओरडायचो, "डॉक्टर, माझा एकुलता एक मुलगा वाचेल ना?" आणि त्या मुलाच्या कॉटवर पंच्याहत्तर वर्षांचे आबा बिस्किट चघळत असायचे.

घरच्या गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, मंडळाच्या मोठ्या गणपतीचे दिवस उरले होते. त्या संध्याकाळी देखावा रंगात असताना स्टेजच्या पायऱ्या चढून एक बाई वर आल्या. पायांत पावसाळी चपला, खांद्याला मोठी पिशवी, मागं फवारणीचा पंप पाठीला अडकवलेला एक कर्मचारी. त्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण होत्या. त्यांच्या कानावर गेलं होतं, की अमक्या गल्लीत कुणी भोंदू मांडवात बिनपरवाना दवाखाना चालवतोय आणि गणपतीपुढं सलाईनी लावतोय.

भोंदू म्हणजे मी.

"डॉक्टर कोण आहे इथं?"

कोट माझ्या अंगावर होता. पळायला गुडघे नव्हते. "मी."

"डिग्री?"

"बी.कॉम.," मी म्हणालो.

त्यांनी पहिल्या बाटलीचा वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं. "हळद?"

"चिमूटभर, मॅडम."

त्यांनी आबांचा हात पाहिला, चिकटपट्टी उचकटून खाली सुई नाही याची खात्री केली, मग दुसरी कॉट, तिसरी कॉट. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्या बॅरलपाशी थांबल्या. आत वाकून पाहिलं. विजेरी मारली.

"या अळ्या आहेत," त्या म्हणाल्या.

वस्ताद छत्रीचे पंख सावरत बॅरलवरून उतरले आणि आत डोकावले. आठवडाभर उघड्या ठेवलेल्या पाण्यात डासांची पोरं वळवळत होती. आमच्या सबंध देखाव्यात खरं काय होतं, तर तेवढंच.

"ह्यात आमचा काय दोष, बाई?" वस्ताद म्हणाले. "आमी डास झालो, पर मर्यादेत ऱ्हायलो."

बॅरल रस्त्यावर उपडं करण्यात आलं. सीडी चालूच होती, कारण ती लावणारा गडी पोट धरून हसत होता. आणि नेमक्या त्याच वेळी प्रेक्षकांतून वाट काढत मामी आल्या. कोपरापर्यंत पिठाचे हात, कपाळावर घाम.

झालं असं होतं, की खाणावळीच्या पोरांनी बंड केलं होतं. मामींची भाकरी काठाला कच्ची आणि मध्ये जळालेली. एका पोरानं भाकरी ताटावर आपटून वाजवून दाखवली होती.

मामी थेट वहिनीच्या कॉटपाशी. "ऊठ! पोरं ताटं धरून बसल्यात. बास झाली सेवा."

वहिनीनं डोळे उघडले नाहीत. देखावा संपेपर्यंत हलायचं नाही, हा शब्द ती पाळत होती.

"ऊठ म्हणते न्हवं!"

त्याच क्षणी सीडीतून माझा आवाज घुमला, "धीर धरा, आई! विज्ञानावर विश्वास ठेवा!" आणि सवयीनं मी दोन्ही हात पसरून मामींपुढं तोंड उघडलं.

"आई कुनाला म्हंतोस रं?" मामी माझ्यावर फिरल्या. "माझ्या सुनंला झोपवून ठेवतोस आन् वर विज्ञान?"

"मामी, ते मी न्हाय, ती सीडी..."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वहिनीजवळ गेल्या. तिचा हात हातात घेतला. "बाई, मूठ वळा बघू."

वहिनीनं आता डोळे उघडले. तिनं प्रयत्न केला. बोटं अर्ध्यात येऊन थांबली आणि तिच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. पोट धरून हसणाऱ्या गड्यानं आपण होऊन सीडी बंद केली.

"किती दिवस असं आहे?"

"ताप गेल्यापास्नं. भाकरी थापायला जमंना झालंय."

डॉक्टरीणबाई मामींकडं वळल्या. "या बाईंना खरंच आजार आहे. यांना दुखण्यावर गोळी आणि विश्रांती पाहिजे. हात वापरायचे नाहीत."

मामींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गोळी?" त्या अशा म्हणाल्या, जणू बाईंनी चिंचोका दिला. "बाटली न्हाय, सुई न्हाय, नुसती गोळी. मग कसली आजारी? मला दोन पिवळ्या लागल्या, मला इचारा आजार काय आसतोय. आन् माझ्या टायमाला मला कोन म्हणालं व्हतं, झोप म्हणून? बाळंतपणात चौथ्या दिवशी चुलीपुढं बसवली सासूनं."

"या रोगाला औषधच नाही, आजी. सलाईननं काही होत नाही. विश्रांतीनंच—"

"सलाईननं काय हुईत न्हाय?" मामींनी गल्लीकडं पाहून टाळी मारली. "ऐकलं का? पार्कातली मोठी मोठी मान्सं येडी म्हणून लावून घेत्यात!"

गल्लीनं माना डोलावल्या. डॉक्टरीणबाई हरल्या होत्या. त्यांनी वहिनीकडं पाहिलं, मामींच्या पिठाच्या हातांकडं पाहिलं, आणि मग वर लटकणाऱ्या माझ्या पिवळ्याधमक बाटलीकडं फार वेळ पाहिलं.

मग पिशवी उघडली. कापूस काढला, कसल्याशा उग्र वासाच्या औषधात बुडवला, वहिनीचं मनगट पुसलं. माझी कळकट चिकटपट्टी काढून नवी कोरी, दोन्ही बाजूंनी घट्ट लावली. नळीला बोटानं दोन टिचक्या मारल्या. नळीवरची, थेंब सोडायची कळ फिरवून पुरती बंद केली आणि एक पाऊल मागं सरून बाटलीकडं असं बघितलं, की मलाही क्षणभर ती खरी वाटली. बाटली खरी आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. खोटी आहे असंही म्हणाल्या नाहीत.

"ही बाटली संपेपर्यंत यांनी उठायचं नाही," त्या म्हणाल्या.

मामी बाटलीजवळ गेल्या. नळी पाहिली, चिकटपट्टी पाहिली, औषधाचा वास घेतला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आता खरी केली व्हय?"

डॉक्टरीणबाई पिशवी बंद करत होत्या.

शेजारच्या कॉटवरून आबा म्हणाले, "माझी हळदीची हाय. तिची खरी आसंल. मोठ्या बाईंनी हात लावलाय."

"किती येळ लागंल संपायला?" मामींनी विचारलं.

"सावकाश जाते," बाई म्हणाल्या. जाताना त्यांनी वहिनीच्या उशाला गोळ्यांची पट्टी ठेवली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हळद जरा कमी टाकत जा. कावीळ झाल्यासारखी दिसतेय."

मामी स्टेजवरच बसल्या, बाटलीकडं टक लावून. दहा वाजले, दिवे मालवायची वेळ झाली, पाण्याची पातळी केसभर हलली नव्हती. शेवटी त्यांनीच हुकूम सोडला, की असलं औषध लागलेल्या बाईला चालवत न्यायचं नाही. तेव्हा आम्ही वाकड्या कमरेचे चार मावळे, वहिनीला कॉटसकट उचलून घरी घेऊन गेलो. बाजूनं डासाच्या वेषात वस्ताद, हातात बाटली उंच धरून. त्या रात्री गल्लीनं विसर्जनाआधीच एक मिरवणूक पाहिली. कुणीतरी "मोरया" म्हणालंसुद्धा.

देखावा उरलेले दिवस चालला, एका बाई रोग्यावाचून. मामींनी बाटली घरात देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला टांगली. रोज सकाळी त्या पातळी बघायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "एक थेंब उतरला न्हाय. लई जड औषध हाय." इतकी लांबलेली बाटली गल्लीत कुणालाच लागली नव्हती, पार्कातसुद्धा नसेल. त्याचा मामींना हळूहळू गर्व व्हायला लागला. बायका बघायला यायच्या. लग्न झाल्यापासून ज्या वहिनीला कुणी 'कशी हायस' विचारलं नव्हतं, तिच्या कॉटखाली शहाळी मावेनात. येणाऱ्या प्रत्येकीला चहा मामी करायच्या. भाकरीही मामीच. पहिले काही दिवस खाणावळीची पोरं वरणभातावर राहिली, मग निमूट भाकरी खायला लागली.

गणपती जाऊन बरेच दिवस झाल्यावर, एका दुपारी मी बिस्किटाचा पुडा घेऊन रीतसर बघायला गेलो. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला पाहून तिनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं नजर टाकली, मग चादरीखालून उजवा हात हळूच बाहेर काढला. बोटं वळवली. मूठ. उघडली. पुन्हा मूठ.

मी आनंदानं ओरडणारच होतो, तिनं डोळे वटारले.

"वळली की!" मी कुजबुजलो. "मग आता? कळ सोडून संपवू का बाटली?"

आतून परातीवरचा आवाज येत होता. थप, थप, थप. मध्येच मामी एका पोराला खडसावत होत्या, की भाकरी चांगली झालीय म्हणून दहा-दहा खायची नसते.

वहिनीनं त्या आवाजाकडं कान दिला.

"ह्या आठवड्यात नगो, भावजी," ती म्हणाली. "मामींचा हात आत्ता कुठं बसाय लागलाय."

आणि चादर ओढून घेतली.